नांगराविना भात आणि मुंबईकर खातेदार

कोंकणांत ज्यांच्या नांवावर सातबारा आहे, परंतु ज्यांचें बिऱ्हाड गिरगांव, दादर, परळ किंवा लालबाग येथें आहे, अशा खातेदारांची संख्या थोडी नाहीं. गिरण्या चालू होत्या तोंपर्यंत लालबागेंतून गेलेल्या मनिऑर्डरीवर गांवची लावणी उरकत असे. १९८२ च्या संपानंतर तो ओघ आटला, आणि गांवांतील तरुण मंडळीहि पुढें शहराकडे वळली. आज पीकपाहणींत ज्या खाचरांपुढें 'पड' असा शेरा येतो, त्यांपैकीं पुष्कळ जमिनी कसाला कमी नाहींत. आषाढांतील त्या पंधरा दिवसांकरितां माणसें मिळत नाहींत, एवढेंच त्यांचें दुखणें. सबब ज्या पद्धतींत चिखलणी व लावणी हीं दोन्ही कामें वगळलीं आहेत, तिचा विचार अशा खातेदारांनीं अवश्य करावा.

चिखलणी आपण दोन कारणांकरितां करतों: पाणी खाचरांत टिकावें आणि तण बुडून मरावें. दोन्ही हेतु साधतात, परंतु त्यांची किंमत जमीन देते. मातीचे कण एकमेकांस धरून असतात ते चिखलणीनें सुटे होतात. गाळाचा बारीक भाग गढूळ पाण्याबरोबर बांधावरून ओहोळांत जातो. नांगराच्या तळाखालीं कठीण थर बसतो. कार्तिकांत तीच जमीन भेगाळते, आणि वालाचें किंवा हरभऱ्याचें मूळ त्या थरावर येऊन अडतें.

रायगड जिल्ह्यांत नेरळनजीक सगुणा बाग येथें श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनीं जी रीत बसविली, ती 'सगुणा भात तंत्र' या नांवानें ओळखली जाते. तींत जमीन आरंभीं एकदांच नांगरून भुसभुशीत करावयाची व कायमचे गादीवाफे पाडावयाचे. एका सरीच्या मध्यापासून दुसऱ्या सरीच्या मध्यापर्यंत साडेचार फूट अंतर ठेवलें म्हणजे वर सुमारें १०० सेंटिमीटर रुंदीची गादी मिळते. लोखंडी साच्यानें २५ सेंटिमीटर अंतरावर भोकें पाडून प्रत्येकांत तीन-चार दाणे खतासह टोकावयाचे. राब भाजणें नाहीं, रोपवाटिका नाहीं, आवण उपटणें नाहीं. कापणीनंतर धसकटें व मुळें जागच्या जागीं ठेवून त्याच गादीवर वाल, मूग, हरभरा किंवा भुईमूग टोकावयाचा. पुढील मृगांतहि नांगर लावावयाचा नाहीं.

या साऱ्याचें मर्म मुळांत आहे. भाताचें मूळ जमिनींत कुजलें म्हणजे त्याच्या जागीं पोकळ नळी राहते. तिच्यांतून पाणी व हवा खालीं उतरते आणि पुढच्या पिकाचें मूळहि तीच वाट धरतें. गांडुळांची बिळें मोडली जात नाहींत, आणि बुरशीचे तंतु मातीचे कण बांधून ठेवतात. अर्थात् हें एका हंगामांत होत नाहीं.

अडचण आहे ती तणाची. पाण्याखालीं जें तण मरत असे, तें आतां वर येतें, म्हणून या पद्धतींत तणनाशकाचा आधार घेतला जातो. कापणीनंतर धसकटांवर ग्लायफोसेट फवारण्याचा जो प्रघात पडला, त्याविषयीं सावध असावें. २०१५ सालीं कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनें त्यास संभाव्य कर्करोगकारकांत गणलें, आणि २०२२ सालीं केंद्र सरकारनें त्याच्या वापरावर निर्बंधाचा आदेश काढला. फवारणीपूर्वीं चालू नियम कृषि अधिकाऱ्यांकडून समजून घ्यावा. दोन-चार गुंठ्यांत तण उपटूं नये, विळ्यानें जमिनीलगत कापून गादीवरच पसरावें. तसेंच पाणी तुंबणाऱ्या खोल खाचरांत प्रथम प्रयोग करूं नये. टोकलेला दाणा तेथें कुजतो.

ही विद्या छापील पत्रकावरून शिकतां येते असें मला वाटत नाहीं. ब्राझील देशांत पाराना प्रांतांत पावसानें माती वाहून जाऊं लागली, तेव्हां हर्बर्ट बार्ट्झ या शेतकऱ्यानें १९७२ सालीं न नांगरतां पेरणी केली. १९७९ सालीं त्या प्रांतांतील शेतकऱ्यांनीं मंडळ काढलें व त्याचें नांव 'गांडूळ मंडळ' ठेविलें. शेतकऱ्यानें शेतकऱ्यास आपलें शेत दाखवावें, हाच तेथील प्रसाराचा मार्ग होता. आपल्याकडेहि बांधावर उभें राहून शेजाऱ्यानें दाखविलें तरच विश्वास बसतो. कुदळीनें दोन ढेकळें काढावीं, एक गादीचें व एक चिखलणीच्या खाचराचें, आणि दोन्ही पाण्याच्या भांड्यांत सोडावीं. जें लवकर विरघळतें तें पाहणाऱ्यास व्याख्यानाची गरज राहत नाहीं.

परंतु शिकावयाचें कोणीं? मुंबईकर मालक शिकला आणि कसणारा दुसराच असला तर उपयोग नाहीं. गाद्या पाडण्याचे श्रम पहिल्या वर्षाचे आणि फळ तिसऱ्या-चौथ्या वर्षाचें. ज्यास जमीन तोंडी बोलीनें एकाच सालापुरती मिळते, तो हे श्रम कां करील? मालक अधिक मुदत देत नाहीं, कारण त्यास कूळ लागण्याची भीति असते. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ हा दिवस कोंकण विसरलेलें नाहीं, व ती भीति निराधार आहे असेंहि म्हणवत नाहीं. मात्र त्याच कायद्यांत 'जातीनें कसणें' याची व्याख्या आहे: स्वतःच्या किंवा कुटुंबांतील व्यक्तीच्या देखरेखीखालीं मजूर लावून कसलें, आणि मजुरी रोखीनें वा मालानें दिली, पण पिकाच्या हिश्श्यानें दिली नाहीं, तर तें जातीनें कसणेंच होय. तेव्हां हिश्श्याची बोली सोडून तोच माणूस वर्षानुवर्षें ठराविक मजुरीवर ठेवावा, गाद्यांचा खर्च मालकानें सोसावा आणि हंगामांत चार-पांच फेऱ्या माराव्या. देखरेखीचा पुरावा कसा ठेवावा, तें वकिलास विचारावें.

पाहणीस जावयाचें तें पावसाळ्यांत नव्हे, भात निघून गादीवर दुसरें पीक उभें असतांना. दादरहून कर्जतच्या गाडीनें नेरळ फार दूर नाहीं. जातांना आपल्या शेतांत प्रत्यक्ष राबणाऱ्यास बरोबर न्यावें, त्या दिवसाची मजुरी व गाडीभाडें आपण द्यावें, आणि तेथें गेल्यावर प्रश्न त्यास विचारूं द्यावे.