पर्वतांचा साक्षीदार

डोंगरातील वळणावळणाच्या रस्त्याने जाणारा प्रवासी एखाद्या उंच वळणावर आला, की त्याचे पाऊल आपोआप थांबते. एका बाजूस खोल दरी, समोर एकामागून एक उभ्या असलेल्या डोंगररांगा आणि त्यांच्याही पलीकडे हिमाच्छादित शिखरे, असे ते दृश्य डोळ्यांत मावत नाही. घरच्या माणसांना ते दाखवावे म्हणून तो छायाचित्र घेतो. परंतु ते चित्र पाहताच त्याची निराशा होते. आकाशाला भिडलेले शिखर चित्रात एवढेसे दिसते आणि उजवीडावीकडे पसरलेली रांग तर चित्रात आलेलीच नसते. असे का व्हावे? मनुष्य मान वळवून सारे दिङ्मंडळ न्याहाळू शकतो. कॅमेऱ्याचे भिंग मात्र समोरचा एक तुकडा तेवढा पाहते.

या अडचणीवर छायाचित्रकारांनी फार पूर्वीच एक उपाय शोधून काढला. कॅमेरा एकाच जागी ठेवून थोडाथोडा फिरवावयाचा, प्रत्येक वेळी एक चित्र घ्यावयाचे आणि ती सारी चित्रे शेजारी शेजारी जोडावयाची. अशा सलग जोडचित्रास ‘पॅनोरमा’ असे म्हणतात. पर्वतांचे पॅनोरमा घेण्यात ज्यांनी आपले सारे कौशल्य वेचले, त्यांत इटलीचे व्हित्तोरिओ सेल्ला यांचे नाव अग्रभागी आहे.

सेल्ला यांचा जन्म १८५९ मध्ये आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या बिएला या गावी झाला. लोकरीच्या कापडाचा व्यवसाय करणारे त्यांचे घराणे विद्याव्यासंगी होते. छायाचित्रणावर इटालियन भाषेतील पहिला मोठा ग्रंथ त्यांच्या वडिलांनी १८५६ मध्ये प्रसिद्ध केला होता. तर त्यांचे चुलते क्विंतिनो सेल्ला यांनी १८६३ मध्ये इटलीतील गिर्यारोहकांची संस्था स्थापन केली होती. एकाकडून छायाचित्रणाची आणि दुसऱ्याकडून पर्वतांची ओढ, असा दुहेरी वारसा त्यांना लाभला. १८८२ च्या मार्च महिन्यात त्यांनी ४,४७८ मीटर उंचीचे मॅटरहॉर्न हे शिखर सर केले. भर हिवाळ्यात त्या शिखरावर त्यापूर्वी कोणीही चढले नव्हते.

त्या काळी छायाचित्र घेणे हे आजच्यासारखे सोपे काम नव्हते. चित्र काचेवर उमटत असे. मोठे चित्र हवे असेल, तर काचही तेवढीच मोठी लागे. सेल्ला यांनी आल्प्स आणि काकेशस या पर्वतांत ३० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर लांब अशा काचा वापरल्या. अशा दहा-बारा काचा, लाकडी कॅमेरा आणि तिपाई मिळून केवढे ओझे होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी! शिवाय त्या काचा खेचराच्या पाठीवर, पुढे माणसाच्या पाठीवर आणि शेवटी बर्फाच्या कड्यावरून न्यावयाच्या असत. त्या फुटू नयेत म्हणून सेल्ला यांनी ओझ्याची खोगिरे आणि पाठीवरच्या पिशव्या यांत स्वतः सुधारणा केल्या. जोडचित्रातील एकच काच तडकली, तरी पर्वतरांगेला मधोमध भगदाड पडावयाचे!

पॅनोरमा घेताना कोणती काळजी घ्यावी लागते? प्रथम तिपाई अगदी सपाटीत बसवावी लागते. घर बांधताना गवंडी जशी पाणसळ लावून पाहतो, तसेच हे काम आहे. तिपाई कलती राहिली, तर जोडलेल्या चित्रांत क्षितिज पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाते. दुसरी गोष्ट म्हणजे, प्रत्येक नव्या चित्रात आधीच्या चित्राचा काही भाग पुन्हा यावा लागतो. तो समान भाग जुळवूनच सांधा साधता येतो. तिसरी गोष्ट प्रकाशाची. सर्व चित्रांना सारखाच प्रकाश मिळाला पाहिजे. नाहीतर एकच पर्वत अर्धा उजळ आणि अर्धा काळवंडलेला दिसेल. ढग मात्र कोणासाठी थांबत नाहीत. म्हणून योग्य घटकेची वाट पाहताना धीर धरावा लागतो आणि ती घटका येताच हात चपळाईने चालवावे लागतात. माध्यान्हीच्या उन्हात पर्वत सपाट दिसतात. सकाळी आणि सायंकाळी तिरप्या उन्हाने घळी व कंगोरे उठून दिसतात. अशा वेळेसाठी शिखरावर कुडकुडत थांबण्याचीही तयारी हवी.

काकेशस पर्वतात सेल्ला तीन वेळा गेले. १८९९ मध्ये ते हिमालयात आले. इंग्लंडचे डग्लस फ्रेशफील्ड यांच्या तुकडीबरोबर सप्टेंबरमध्ये दार्जिलिंगहून निघून त्यांनी ८,५८६ मीटर उंचीच्या कांचनगंगेला फेरी घातली. भारतीय सर्वेक्षण खात्यात काम केलेले सिक्कीमचे रिंझिन नामग्याल हेही या तुकडीत होते. महिनाअखेर मोठे वादळ झाले. दार्जिलिंगला दरडी कोसळून अनेकांचे प्राण गेले आणि वर पर्वतात बर्फाचे थर साचले. तरीही ही मंडळी सहा हजार मीटरांहून उंच असलेली जोनसोंग खिंड ओलांडून नेपाळात उतरली. याच प्रवासात सेल्ला यांनी सिक्कीममधील सिनिओल्चू या देखण्या शिखराचे छायाचित्र घेतले. ते पुढे जगभर गाजले.

दहा वर्षांनी, १९०९ मध्ये, ते काराकोरम पर्वतात गेले. इटलीचे राजपुत्र लुइजी आमेदेओ के-टू या शिखराच्या चढाईसाठी निघाले होते. ८,६११ मीटर उंचीचे हे शिखर त्या वर्षी सर झाले नाही. परंतु सेल्ला यांनी के-टूचे आणि बाल्टोरो हिमनदीचे पॅनोरमा घेऊन तो अज्ञात प्रदेश जगापुढे उलगडून ठेवला. त्यांच्या चित्रांतील कडे, कपारी आणि हिमनद्या इतक्या स्पष्ट होत्या, की पुढील गिर्यारोहकांनी वाट ठरविण्यासाठी त्यांचा अभ्यास केला. १९५४ मध्ये इटलीच्याच दोन गिर्यारोहकांनी के-टूच्या माथ्यावर प्रथम पाऊल ठेवले. ते पाहावयास सेल्ला मात्र नव्हते. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले होते.

त्यांच्या चित्रांचे खरे मोल पुढे आणखी एका रीतीने प्रकट झाले. पृथ्वीवरील उष्णता वाढत असल्याचे शास्त्रज्ञांना आढळून आले. तिचा हिमनद्यांवर काय परिणाम झाला, हे पाहावयाचे, तर शंभर वर्षांपूर्वी त्या कशा होत्या हे ठाऊक हवे. ते सांगणार कोण? अशा वेळी सेल्ला यांची चित्रे साक्षीला उभी राहिली. २००९ मध्ये इटालियन छायाचित्रकार फाबियानो व्हेंतुरा यांनी काराकोरममध्ये जुन्या जागा शोधून तेथून पुन्हा चित्रे घेतली. २०११ मध्ये ते काकेशसमध्ये गेले. जुने आणि नवे चित्र शेजारी ठेवताच फरक डोळ्यांना दिसू लागला. काकेशसमधील हिमनद्या पुष्कळ आक्रसल्या होत्या. जेथे पूर्वी बर्फ होते, तेथे उघडे दगडगोटे दिसत होते. बाल्टोरो हिमनदीत मात्र त्या मानाने थोडाच बदल झाला होता. खरा साक्षीदार जे पाहिले तेच सांगतो; कोणाला काय ऐकावयाचे आहे, याचा तो विचार करीत नाही. सेल्ला यांनी मन लावून जसे होते तसे टिपले, म्हणूनच त्यांची साक्ष आज उपयोगी पडते.

आज गंगटोक, पेलिंग अशा गावी मोटारीने जाऊनही कांचनगंगेचे दर्शन घडते. मोबाइल फोन हातात धरून सावकाश फिरविला, की पॅनोरमा क्षणात तयार होतो. सांधे जुळविण्याचे काम ते यंत्रच करते. पण त्यामागील तत्त्व जुनेच आहे. आजही हात कलता झाला, तर क्षितिज वाकडे होते आणि उतावळेपणा केला, तर चित्र तुटते. घाटात चित्र घेताना गाडी रुंद जागी उभी करावी. कठड्यावर चढू नये. आणि घरी आल्यावर चित्राखाली जागा व तारीख लिहून ठेवावी. जागा आणि तारीख नसलेले चित्र नुसतेच सुंदर राहते. त्या दोन गोष्टी असल्या, तर ते पुढच्या पिढ्यांना काही सांगू शकते.

स्वाध्याय

१. एका छायाचित्रात संपूर्ण पर्वतरांग का येत नाही? त्यावर छायाचित्रकारांनी कोणता उपाय शोधला?
२. सेल्ला यांना लाभलेला दुहेरी वारसा कोणता?
३. कारणे द्या : (अ) तिपाई सपाटीत बसवावी लागते. (आ) प्रत्येक चित्रात आधीच्या चित्राचा भाग यावा लागतो.
४. सेल्ला यांच्या चित्रांना ‘साक्षीदार’ का म्हटले आहे, ते आपल्या शब्दांत लिहा.
५. गावाजवळच्या टेकडीवरील एक जागा निवडा. पावसाळ्यात व उन्हाळ्यात तेथून दिसणाऱ्या दृश्याचे चित्र काढा किंवा छायाचित्र घ्या. त्यांखाली जागा व तारीख लिहा आणि दिसलेला फरक नोंदवा.