65 हजारांचा कॅमेरा दीड लाखाला का पडतो: वलगावच्या नव्या व्हिडिओवाल्यासाठी खरेदीचा हिशेब

दुकानात पाऊल टाकण्याआधी एका कागदावर तुमच्याकडची सगळी रक्कम लिहा. बचत, घरच्यांनी दिलेले, कर्जातून येणारे, सगळे धरून. आता तिचे दोन भाग करा. कॅमेरा आणि त्याची लेन्स एका भागात बसली पाहिजे. नाही बसली, तर तो कॅमेरा आज तुमच्यासाठी नाही, दुकानदार कितीही आग्रह करो.

असं का, ते आकड्यांत बघा. लग्नाच्या ऑर्डरी घेण्यासाठी तुम्ही किट लेन्ससकट 65 हजारांचा कॅमेरा ठरवला. त्यावर दोन जादा ओरिजिनल बॅटऱ्या 9 हजार, 128 जीबीची दोन कार्डं 4 हजार, दोन ट्रान्समीटरचा वायरलेस माईक 10 हजार, व्हिडिओसाठीचा फ्लुइड हेडचा ट्रायपॉड 9 हजार, गिंबल 26 हजार, स्टँडसह एक एलईडी लाइट 10 हजार, एनडी फिल्टर 3 हजार, दोन टीबीच्या दोन हार्ड डिस्क 14 हजार, बॅग 3 हजार. बेरीज झाली एक लाख 53 हजार. कॉम्प्युटर अजून धरलेलाच नाही. हे भाव मोटामोटी आहेत, सणासुदीच्या ऑफरीत थोडे खाली येतात, पण प्रमाण बदलत नाही.

आता कॅमेरा कोणता. कंपनीच्या नावावरून ठरवू नका, पुढच्या वर्षभरात तुम्हाला काम कोणतं मिळणार आहे त्यावरून ठरवा. वलगाव-अमरावती पट्ट्यात तीन कामं चालतात: लग्न, कीर्तन-सप्ताह-पुण्यतिथीचे लांब कार्यक्रम, आणि प्री-वेडिंग. तिन्हींची गरज वेगळी आहे.

लांब कार्यक्रमांचं आधी सांगतो, कारण फसगत तिथेच होते. 20 डिसेंबरला गाडगेबाबांच्या पुण्यतिथीचं कीर्तन दोन तास चाललं, तर कॅमेरा दोन तास सलग चालला पाहिजे. कॅनन आर 50 चांगला कॅमेरा आहे, पण एका दमात एक तासच रेकॉर्ड करतो आणि थांबतो. पुन्हा बटण दाबेपर्यंत एखादा अभंग गेला, तर तो परत येत नाही. सोनी झेडव्ही-ई 10 ला अशी तासाची अट नाही, पण त्याची अडचण उन्हाची आहे.

आपल्याकडचं ऊन हा वऱ्हाडातल्या खरेदीचा पहिला निकष आहे. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान 0 ते 40 अंश असं छापलेलं असतं. आपली लग्नसराई एप्रिल-मे महिन्यांतली, अमरावती-अकोल्यात तेव्हा पारा 43-44 च्या घरात, लग्न भर दुपारी आणि वर मांडवाचं कापड. आत पंखा नसलेला छोटा कॅमेरा 4के वर सलग चालवला, तर तापून मंगलाष्टकांतच बंद पडू शकतो. सोनी एफएक्स 30 आणि पॅनासॉनिक एस 5 मार्क 2 यांच्या आत थंड करणारा पंखा आहे. पैसे तेवढे नसतील आणि छोटाच घेणार असाल, तर तीन गोष्टी करा. सोनीच्या मेन्यूत ‘ऑटो पॉवर ऑफ टेम्परेचर’ ‘हाय’ वर ठेवा. स्क्रीन बॉडीपासून बाहेर उघडी ठेवा. आणि मुख्य विधी 4के ऐवजी फुल एचडीत घ्या. यजमान व्हिडिओ मोबाइलवर आणि घरच्या टीव्हीवर बघणार आहे. त्याला अर्धवट 4के पेक्षा पूर्ण फुल एचडी हवं असतं.

लग्नासाठी मी एकाच गोष्टीवर अडून बसेन: दोन कार्डांची सोय. एका वेळी दोन्ही कार्डांवर रेकॉर्ड होतं, एक खराब झालं तरी दुसरं असतं. झेडव्ही-ई 10, त्याची दुसरी आवृत्ती आणि आर 50, तिन्हींत एकच कार्ड बसतं. सोनी ए 7 मार्क 4, एफएक्स 30 आणि एस 5 मार्क 2 मध्ये दोन बसतात. या तिन्हींच्या नुसत्या बॉडी दीड ते सव्वादोन लाखांच्या दरम्यान मिळतात. म्हणून सुरुवात छोट्या कॅमेऱ्यानं करत असाल, तर पहिलं वर्षभर मुख्य विधीचं काम एकट्याच्या जिवावर घेऊ नका. अमरावतीतल्या एखाद्या जुन्या व्हिडिओवाल्याचा दुसरा कॅमेरा म्हणून चला. पैसे कमी मिळतील, पण एखाद्या मुलीच्या लग्नाचं सगळं फुटेज गेल्याचं ओझं डोक्यावर येणार नाही. ते ओझं फार जड असतं, लग्न दुसऱ्यांदा लावता येत नाही.

प्री-वेडिंग हेच मुख्य काम असेल, तर हिशेब उलटा. तिथे शॉट छोटे, वेळ तुमच्या हातात. एका कार्डाचा कॅमेराही चालतो, पैसे लेन्सवर घाला. किट लेन्स अंधुक उजेडात दम टाकते. एफ 2.8 ची झूम लेन्स, सोनीच्या छोट्या सेन्सरसाठी सिग्मा 18-50, साधारण 45 ते 50 हजारांत येते आणि बॉडी बदलली तरी तुमच्याकडे राहते. झेडव्ही-ई 10 वर ‘एस-लॉग’ मध्ये, म्हणजे नंतर रंग चढवण्यासाठीच्या फिक्या प्रोफाइलमध्ये, शूट करायचा मोह टाळा. तो 8 बिटचा कॅमेरा आहे, रंग ओढायला गेलात की चेहरे डागाळतात.

कोणतंही मॉडेल असो, दुकानातच मेन्यू उघडून 25 आणि 50 फ्रेमचा पर्याय, म्हणजे पीएएल, आहे का ते पाहा. आपली वीज 50 हर्ट्झची. 30 फ्रेमवर 1/60 शटर ठेवलंत, तर हॉलमधल्या लाइटमुळे चित्रात पट्टे फिरू शकतात. 25 फ्रेम आणि 1/50 शटर ठेवा. दुपारी या शटरला चित्र पांढरं फटक पडतं, म्हणून वरच्या यादीत एनडी फिल्टर आहे, चैन म्हणून नाही. आणि गुलाबी-लाल मांडवाखाली ऑटो व्हाइट बॅलन्सवर भरवसा नको. पांढरा कागद धरून हातानं लावा. हे फुकट आहे आणि याचा फरक महागड्या लेन्सपेक्षा जास्त दिसतो.

कार्डांचं गणित पाठ करा. 100 एमबीपीएसवर 4के रेकॉर्डिंग तासाला 45 जीबी खातं, म्हणजे 128 जीबीचं कार्ड पावणेतीन तास पुरतं. 10 बिटच्या 140 एमबीपीएसवर तासाला 63 जीबी, म्हणजे दोनच तास. दोन्हींना व्ही 30 छापलेलं कार्ड पुरतं; व्ही 90 चं कित्येक पट महाग कार्ड या कामासाठी कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. नकली कार्डं मात्र बाजारात भरपूर आहेत, वरून हुबेहूब. घरी आणल्यावर एच2टेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रॅमनं कार्ड पूर्ण भरून तपासा. 128 लिहिलेलं कार्ड 32 चं निघालं तर लगेच कळतं.

आवाजावर नवे लोक सर्वांत कमी खर्च करतात आणि यजमान सर्वांत आधी तीच तक्रार करतो. वायरलेस माईकचा एक ट्रान्समीटर भटजींच्या उपरण्याला, दुसरा वधूपित्याजवळ. कीर्तनात मात्र महाराजांना माईक लावायला जाऊ नका. साउंडवाल्याच्या मिक्सरच्या लाइन-आउटमधून आवाज छोट्या रेकॉर्डरवर घ्या. त्यासाठीची केबल तीन-चारशे रुपयांची असते, दोन ठेवा. साउंडवाल्याशी कार्यक्रमाआधी बोला, चहा पाजा. बँडच्या दणक्यात कॅमेऱ्याच्या आतला माईक फाटतो, म्हणून वरातीत आवाजाची पातळी हातानं खाली आणा.

छुपा खर्च सर्वांत मोठा कॉम्प्युटरचा आहे. 10 बिट 4:2:2 एच.265 फुटेज जुन्या कॉम्प्युटरवर अडखळतं. एनव्हीडियाच्या 50 मालिकेआधीच्या ग्राफिक्स कार्डांना ते हार्डवेअरमधून उलगडता येत नाही. इंटेलच्या 11 व्या पिढीपासूनच्या आतल्या ग्राफिक्सला आणि अॅपलच्या एम मालिकेला येतं. म्हणजे कॅमेरा घेऊन घरी आलात आणि मिक्सिंगसाठी आणखी 60-70 हजार लागले, असं होऊ शकतं. तोवर 8 बिटमध्ये शूट करा, किंवा प्रॉक्सी फाइल, म्हणजे फुटेजची हलकी प्रत, बनवून काम करा. दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती लग्नाच्या कामाला पुरते. मिक्सिंगवाल्याकडून पेनड्राइव्हवर येणारी सॉफ्टवेअरची चोरटी प्रत टाकू नका, तिच्याबरोबर व्हायरस आला तर सीझनचं फुटेज जातं.

खरेदी कुठे? सर्व्हिसच्या दृष्टीनं अमरावती सोयीची, वलगावहून अर्ध्या तासाची वाट. तिथे मॉडेल नसेल तर नागपूरचं सीताबर्डी. मुंबईत फोर्टमधला बोरा बाजार आणि दिल्लीत चांदणी चौकातलं कूचा चौधरी मार्केट स्वस्ताईसाठी प्रसिद्ध आहेत, पण तिथे ‘बिल नको असेल तर आठ हजार कमी करतो’ हे वाक्य कानावर येतंच. ते आठ हजार वाचवू नका. बिनबिलाच्या आणि बाहेरून आलेल्या पीसला भारतातली वॉरंटी मिळत नाही, सोनीचे जपानसाठीचे पीस तर जपानी मेन्यूचेच निघतात. ओळख सोपी आहे: कायदेशीर आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा नंबर छापलेला असतो. हे छापलेलं नसेल तर खोकं परत ढकला.

बिलावर मॉडेलबरोबर सिरीयल नंबर लिहून घ्या आणि बॉडीच्या खालच्या नंबराशी जुळवा. कॅमेऱ्यावर जीएसटी 18 टक्के, तो एमआरपीत धरलेलाच असतो. वरून वेगळा लावला तर नकार द्या. ‘कॉम्बो’ म्हणून दिलेली बॅग, कार्ड, साफसफाईचं किट यांची किंमत वेगळी लिहायला सांगा, म्हणजे फुकट काय आणि विकत काय ते समजतं. कार्डावर पैसे घेताना दोन टक्के जास्त मागितले तर यूपीआय करा. ‘नो कॉस्ट ईएमआय’ मध्ये प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी असतो, क्रेडिट कार्ड असेल तर व्याजाच्या भागावरही 18 टक्के जीएसटी लागतो. रोखीचा भाव आधी विचारा, ईएमआयचा नंतर.

कर्ज काढणार असाल तर मुद्रा योजना बघा. शिशू 50 हजारांपर्यंत, किशोर 50 हजार ते 5 लाख, तारण लागत नाही. कागदपत्रं: आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, फोटो, उद्यम नोंदणी आणि जीएसटी नंबर असलेल्या दुकानाचं कोटेशन. कोटेशनमध्ये माईक, बॅटऱ्या, हार्ड डिस्क सगळं घाला. नुसत्या कॅमेऱ्याचं कोटेशन दिलंत तर बाकीचं खिशातून करावं लागेल. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधार-पॅनवर पूर्ण मोफत होते. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ नसेल आणि कोणी दोन हजार मागत असेल, तर ती दलाली आहे. हप्ता किती झेपेल ते सीझनवर ठरवू नका. पावसाळ्यात मुहूर्त नसतात, हप्ता मात्र येतो.

सेकंडहँड घेताना शटर काउंट विचारून फारसा उपयोग नाही, व्हिडिओत तो वाढत नाही. त्याऐवजी लेन्स उजेडासमोर धरून आत बुरशीचे धागे दिसतात का ते पाहा, एचडीएमआय आणि माईकचं छिद्र हलवून पाहा, अर्धा तास सलग रेकॉर्ड करून पाहा. मूळ बिल आणि विकणाऱ्याच्या आधारची प्रत घ्या. चोरीचा माल निघाला तर पोलीस तुमच्या दारात येतील.

विकत घेण्याआधी तोच कॅमेरा एका ऑर्डरीसाठी भाड्यानं घ्या, दिवसाला साधारण दीड ते अडीच हजार. दिवस म्हणजे 24 तास की सकाळी दहापर्यंत, ते लिहून घ्या. डिपॉझिट म्हणून मूळ आधार कार्ड ठेवून येऊ नका.

ड्रोनचा हट्ट पहिल्या वर्षी सोडा. परदेशी ड्रोनच्या आयातीवर 9 फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे; बिनबिलाचा विदेशी ड्रोन घेतलात तर नोंदणी आणि दुरुस्ती, दोन्ही अडतात. ड्रोन नियम 2021 प्रमाणे 250 ग्रॅमवरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. चिखलदऱ्याच्या प्री-वेडिंगला ड्रोन नेणार असाल, तर तो भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. वन विभागाची परवानगी आधी, बयाणा नंतर.

माल बिघडलेला निघाला आणि दुकान दाद देत नसेल, तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा, मग जिल्हा ग्राहक आयोग. ‘धंद्यासाठी घेतला म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका: 2019 च्या कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहकाचीच धरली आहे. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला आयोगात फी नाही. मुदत दोन वर्षांची.

आणि बदलून मिळण्याची मुदत, बहुतेक ठिकाणी सात दिवस, संपण्याआधी ही परीक्षा घ्या. ऑनलाइन मागवला असेल तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ आधी काढा. मग दुपारी एक वाजता, अंगणात, मांडवाइतक्या सावलीत कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, माईक जोडा, लग्नात ठेवणार तीच सेटिंग ठेवा आणि दोन तास बंद करू नका. कधी तापला, कोणती बॅटरी किती मिनिटं टिकली, आवाज कुठे तुटला, हे वहीत लिहा. बंद पडला तर ती वही आणि बिल घेऊन दुसऱ्याच दिवशी सकाळी दुकान गाठा.