जुन्या गोव्यातील दोन देवळे

जवाहरनगराकडील आमच्या वाचकांपैकी कोणी गोव्यास गेल्यास त्यांनी जुने गोवे अवश्य पाहावे. पोर्तुगिजांची ही राजधानी रोगराईने ओस पडली व १८४३ साली तो मान पणजीस मिळाला. तेथे १६०५ साली पूर्ण झालेले बॉम जेझूचे ख्रिस्ती देऊळ आजही उभे आहे. सांत ऑगस्टीनच्या देवळाचा मात्र अर्धा मनोरा व पडक्या भिंतीच उरल्या आहेत. दोहोंचा दगड जांभाच. मग हा भेद कशाने पडला? १८३५ साली तेथील मठवासी घालविले गेले, डागडुजी थांबली, आणि १८४२ साली कमानदार छत कोसळले. बंधुभगिनींनो, मृग लागण्यापूर्वी आपण आपल्या उपासनामंदिराची फुटलेली कवेलू बदलून घ्यावी.