क्लॅरिनेट वाजवणाऱ्याचा अंगठा

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत बँडवाल्यांना उसंत नसते. मंडईच्या जत्रा, वराती, मध्येच वडशाच्या एखाद्या कंपनीचं रात्रभराचं नाटक बघणं, आणि सकाळी पुन्हा सुपारी. अशाच एका हंगामात क्लॅरिनेट वाजवताना उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ येऊ लागली. पुढे पुढे चहाची कपबशी धरवेना. डॉक्टरांनी अंगठा मुठीत घ्यायला लावून मनगट करंगळीकडे वाकवलं, तसा मी ओरडलोच. म्हणाले, शीर सुजली आहे. गोळीनं उतरेल, पण वाजवायची तऱ्हा तीच राहिली तर परत येईल.

लाकडी क्लॅरिनेटचं वजन पाऊण किलोच्या आसपास. ते जवळपास सगळं मागच्या धातूच्या टेकूवर, म्हणजे थंब रेस्टवर, आणि टेकू उजव्या अंगठ्यावर. वर वरातीत चालत वाजवायचं. कारखाना हा टेकू एका ठरावीक जागी बसवतो, हात मात्र प्रत्येकाचा वेगळा. बास क्लॅरिनेट याहून कितीतरी जड, पण त्याला जमिनीवर टेकायला दांडी किंवा गळ्यात पट्टा असतो. अंगठ्यानं नुसतं सावरायचं. तिथेही दांडीची उंची चुकली की भार अंगठ्यावरच येतो.

आपली जागा अशी शोधा. हात सैल सोडून उभे राहा, मग बोटं तशीच ठेवून हात वाद्यावर आणा. अंगठा साधारण तर्जनीच्या समोर येतो. टेकू नख आणि पहिल्या सांध्याच्या मधोमध, कडेला लागावा. सांध्यावर किंवा त्याच्याही मागे गेला तर मनगट वाकडं होतं. बऱ्याच जणांना तो थोडा वर हवा असतो. सरकता टेकू असेल तर स्क्रू सैल करून काही मिलिमीटरच हलवा, आठवडाभर वाजवा, मग पुढचं ठरवा.

पक्का टेकू असेल तर घाई नको. मी माझा एका दुरुस्तीवाल्याकडे दिला. त्यानं नव्या भोकात लांब स्क्रू पिळला, तो थेट आतल्या पोकळीत निघाला. हवा गळू लागली, खालचे सूर फुसफुसायला लागले, ऐन लग्नसराईत वाद्य पेटीत गेलं. तेव्हा भोक पाडण्याआधी नवी जागा बुचाचा तुकडा चिकटपट्टीनं बांधून तपासा. काम करणाऱ्याला स्क्रूची लांबी विचारा, जुनी भोकं बुजवायला सांगा. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, लाकूड सुकून आकसतं आणि स्क्रू ढिले होतात. ते अधूनमधून बघत जा.

टेकूला कडी असेल तर गळ्यातला पट्टा लावाच. नसेल तर भोक असलेला चामड्याचा तुकडा टेकूवर चढवून त्याला पट्टा अडकवता येतो. आमच्यातली पोरं पट्ट्याला लाजतात, म्हाताऱ्याचं लक्षण म्हणतात. टेकूवर रबराची टोपी चढवली तर घट्टे पडत नाहीत, भार मात्र तेवढाच राहतो, हे ध्यानात ठेवा.

आणि कळ आठवड्या-दोन आठवड्यांत उतरली नाही, तर सुपारी घेतलेली असली तरी आधी डॉक्टरकडे जा.