अनाथांची सेवा : रुमानियानें शिकविलेला धडा

नाताळ जवळ आला म्हणजे आमच्या शाळेंत पोरक्या मुलांसाठीं वर्गणीची पेटी फिरूं लागते. लहान मुलें खाऊचे पैसे तींत टाकतात. मोठीं मुलें घरून धुऊन घडी केलेले कपडे आणतात. एके वर्षीं ती पेटी वर्गांत आली असतां वरच्या इयत्तेंतील एका विद्यार्थिनीनें आम्हांस विचारलें, "कांहीं मंडळ्यांतील तरुण सुट्टींत परदेशीं जाऊन पंधरा दिवस अनाथ मुलांची सेवा करून येतात. मलाहि मोठेपणीं तसें जावेंसें वाटतें. पण ते परत आले म्हणजे मागें राहिलेल्या त्या मुलांचें काय होत असेल?"

"अवश्य जा, देव तुझें भलें करो," एवढें म्हणून आम्हांस मोकळें होतां आलें असतें. परंतु तिच्या प्रश्नाचा उत्तरार्ध अवघड होता व त्याचें उत्तर त्या वेळीं आमच्यापाशीं नव्हतें. पुढें ह्या विषयाचा जो थोडाबहुत अभ्यास आम्हीं केला, तो आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें येथें मांडीत आहों. उदाहरणादाखल आम्ही रुमानिया देश घेतला आहे. कारण परदेशीय ख्रिस्ती स्वयंसेवकांचे जथे अनाथ मुलांसाठीं जेथें मोठ्या संख्येनें धांवून गेले व जेथील मुलांच्या स्थितीचा पुढें काळजीपूर्वक अभ्यास झाला, असा तो देश आहे.

रुमानियाची हकीकत

रुमानिया हा युरोपच्या आग्नेय भागांतील देश. डॅन्यूब नदी त्याच्या दक्षिण सीमेवरून वाहत जाऊन शेवटीं काळ्या समुद्रास मिळते. १९६६ सालीं तेथील सत्ताधीश निकोलाय चाउशेस्कू ह्यानें लोकसंख्या वाढविण्यासाठीं एक कडक हुकूम काढला. कुटुंब लहान ठेवण्याचे मार्ग बंद करण्यांत आले व मूलबाळ नसलेल्या प्रौढांवर कर बसविण्यांत आला. परिणाम असा झाला कीं १९६७ सालीं जन्मलेल्या बालकांची संख्या आदल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट झाली.

बालकें वाढलीं, पण त्यांच्या मुखीं पडणारा घांस वाढला नाहीं. १९८० नंतर परदेशचें कर्ज फेडण्यासाठीं देशांतील धान्य व मांस बाहेर विकलें जाऊं लागलें. लोकांस पाव मोजून मिळूं लागला आणि कडाक्याच्या हिवाळ्यांत घरें उबदार ठेवण्यास इंधन पुरेना. ज्यांना मूल पोसवत नाहीं त्यांनीं तें सरकारच्या स्वाधीन करावें, सरकार तें अधिक चांगलें वाढवील, अशी शिकवण लोकांस देण्यांत आली. तीन वर्षांखालील बालकें 'पाळणा' ह्या अर्थाचें नांव असलेल्या शिशुगृहांत ठेवीत. तिसरें वर्ष सरलें कीं त्यांची तपासणी होई. निरोगी मुलें एकीकडे जात व अपंग किंवा मंदबुद्धि ठरविलेलीं दुसरीकडे. ह्या दुसऱ्या ठिकाणांची दशा फारच करुण होती.

१९८९ च्या डिसेंबर महिन्यांत ती राजवट कोसळली. पुढील वर्षीं परदेशीय वार्ताहर ह्या गृहांत शिरले, तेव्हां एक लाखाहून अधिक मुलें तेथें कोंडलेलीं आहेत हें जगास कळलें. एका खाटेवर दाटीनें निजविलेलीं, बसल्या जागीं तासन्‌तास मागेंपुढें डुलणारीं, बोलतां न येणारीं अशीं तीं मुलें होतीं. येथें एक गोष्ट नीट लक्षांत ठेवावी. ह्यांतील बहुतेकांचे आईबाप किंवा त्यांपैकीं एक तरी जिवंत होतें. मृत्यूनें नव्हे, तर दारिद्र्यानें व राजाज्ञेनें तीं पोरकीं झालीं होतीं.

तीं चित्रें पाहून ब्रिटन, आयर्लंड, जर्मनी, हॉलंड, अमेरिका इत्यादि देशांतील मंडळ्या हेलावून गेल्या. दुधाची भुकटी, औषधें, गोधड्या व खेळणीं यांनीं भरलेल्या मालमोटारी घेऊन तरुण स्त्रीपुरुष निघाले. त्यांच्या ह्या धांवून जाण्याला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. त्यांनीं गळकीं छपरें दुरुस्त केलीं, स्वच्छ पाण्याची सोय केली, आजारी मुलांची शुश्रूषा केली. आग लागली असतां पाण्याची घागर घेऊन धांवणाऱ्यास कोणी दोष देत नाहीं. प्रश्न आहे तो आग विझल्यानंतरचा.

मिठीचा अर्थ

अशा गृहाच्या दारांतून परका मनुष्य आंत आला कीं मुलें धांवत येऊन त्यास बिलगत. कोणी हात धरी, कोणी मांडीवर चढून बसे. पाहुण्यांचे डोळे भरून येत व "हीं मुलें किती प्रेमळ आहेत!" असें त्यांस वाटे. मानसशास्त्राच्या अभ्यासकांनीं मात्र ह्या मिठीचा अर्थ निराळा लाविला.

आपल्या घरांतील एक-दीड वर्षाचें मूल पाहा. दारांत अनोळखी माणूस दिसलें कीं तें आईच्या पदराआड लपतें; जरा वेळानें हळूच डोकावून पाहतें. आपलें कोण व परकें कोण हें त्यास समजूं लागल्याची ती खूण आहे. ज्या मुलाला 'आपलें' असें एकहि माणूस लाभलेलें नाहीं, त्याला परकेंहि कोणी नसतें. म्हणून तें कोणाच्याहि गळ्यांत पडतें. पाहुण्यास जो प्रेमाचा पूर वाटला, तो वस्तुतः प्रेमाचा दुष्काळ होता.

लहान बालकास अन्नवस्त्राइतकीच एका ठराविक माणसाच्या सततच्या मायेची गरज असते, हें मत ब्रिटिश मनोवैद्य जॉन बोल्बी यांनीं १९५१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेसाठीं लिहिलेल्या अहवालांत मांडलें होतें. रुमानियाच्या शिशुगृहांत एकेका दाईकडे दहा-बारा किंवा त्याहूनहि अधिक बालकें असत आणि त्या दायाहि पाळीप्रमाणें बदलत. रडून कोणी येत नाहीं हें बालक लवकर शिकतें आणि मग तें रडणेंच सोडतें. बुखारेस्टच्या शिशुगृहांत गेलेल्या अभ्यासकांस तेथील शांतताच प्रथम विलक्षण वाटली.

आतां पंधरा दिवसांच्या पाहुण्याकडे वळूं. तो येतो, खेळवितो, गाणीं शिकवितो, कडेवर घेतो. मूल त्याची वाट पाहूं लागतें न लागतें तोंच तो डोळे पुसत निरोप घेतो. पुढच्या महिन्यांत दुसरा जथा येतो व तोहि जातो. पाहुण्यास हा निरोप आयुष्यांत एकदांच घ्यावा लागतो. मुलास तो वर्षांतून अनेक वेळां सोसावा लागतो. पोरकेपणावर औषध म्हणून आपण जें नेलें, त्यांत त्याच दुखण्याचा आणखी एक घोट मिसळलेला असतो.

एक महत्त्वाचा प्रयोग

इ. स. २००० मध्यें चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स व चार्ल्स झीना ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं बुखारेस्ट येथें एक अभ्यास सुरू केला. शहरांतील सहा शिशुगृहांतून सुमारें सहा ते एकतीस महिन्यांचीं १३६ बालकें त्यांनीं निवडलीं. चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन समान गट केले. एका गटांतील ६८ बालकें ५६ पालक-कुटुंबांत ठेविलीं. दुसरा गट पूर्वींप्रमाणें शिशुगृहांत राहिला. पुढें कोणत्याहि बालकास घर मिळण्याची संधि आली तर अभ्यासासाठीं म्हणून त्यास अडकवून ठेवावयाचें नाहीं, असा नियम होता. तुलनेसाठीं स्वतःच्या आईबापांजवळ वाढणाऱ्या मुलांचा तिसरा गट घेतला होता.

हीं मुलें साडेचार वर्षांचीं झालीं तेव्हां त्यांचा बुद्ध्यंक मोजण्यांत आला. शिशुगृहाच्या गटाची सरासरी सुमारें ७३, पालक-कुटुंबांच्या गटाची सुमारें ८१ व आईबापांजवळ वाढलेल्यांची सुमारें १०९ भरली. वयाच्या दुसऱ्या वर्षाच्या आंत ज्यांना घर मिळालें, त्यांची प्रगति उशिरां घर मिळालेल्यांहून सामान्यतः अधिक झाली. १९९० नंतर ब्रिटनमध्यें दत्तक गेलेल्या रुमानियन मुलांचा मायकेल रटर यांनीं जो अभ्यास केला, त्यांतहि असेंच दिसलें कीं सहा महिने भरण्यापूर्वीं ज्यांची गृहांतून सुटका झाली, तीं बहुतेक इतर मुलांच्या बरोबरीनें वाढलीं.

ह्यावरून निघणारें अनुमान सरळ आहे. बालकाला अधिक चांगल्या अनाथाश्रमाहून एक साधें घर अधिक हितकर असतें, आणि तें जितकें लवकर मिळेल तितकें बरें. रुमानियानेंहि हें ओळखलें. २००५ च्या आरंभीं अमलांत आलेल्या कायद्यानें दोन वर्षांखालील बालकास, त्यास गंभीर अपंगत्व नसेल तर, संस्थेंत ठेवण्यास मनाई झाली व पुढें ही वयोमर्यादा वाढविण्यांत आली. जुनीं मोठीं गृहें बहुतेक बंद पडलीं.

दानाच्या ओघाची दुसरी बाजू

चांगल्या हेतूनें दिलेला पैसाहि कधीं कधीं भलत्याच दिशेनें वाहतो. कंबोडिया देशांत २००५ सालीं १५४ अनाथगृहें होतीं. २०१० पर्यंत तीं २६९ झालीं. त्या पांच वर्षांत तेथें आईबाप मरण्याचें प्रमाण कांहीं इतकें वाढलें नव्हतें. २०११ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणींत असें आढळलें कीं ह्या गृहांतील चारांपैकीं सुमारें तीन मुलांच्या आईबापांपैकीं एक तरी हयात होतें. परदेशीय पाहुणे व त्यांची देणगी येत राहिली, म्हणून गृहें वाढलीं. आणि गृहें वाढलीं म्हणून तीं भरण्यासाठीं गरिबांच्या झोपड्यांतून मुलें आणण्यांत आलीं. शिक्षण मिळेल ह्या आशेनें आईनें मूल पाठवावें व त्या मुलास 'अनाथ' म्हणून पाहुण्यांपुढें उभें करावें, असाहि प्रकार घडला. म्हणूनच ऑस्ट्रेलियानें २०१८ सालीं आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, तेव्हां अनाथगृहांसाठीं होणारा मुलांचा व्यापार त्या विचारांत घेण्यांत आला. व २०१९ च्या डिसेंबरांत संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेंहि अशा स्वयंसेवेच्या धोक्यांकडे राष्ट्रांचें लक्ष वेधलें.

येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. आमची पेटी वर्षानुवर्षें भरत आली, परंतु तिचा पैसा जेथें जातो तेथील किती मुलांच्या आया जिवंत आहेत, हें आम्हीं कधीं विचारलें नव्हतें. तो दोष मुलांचा नव्हे, आम्हां शिक्षकांचा आहे.

मग सेवा कशी करावी?

याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायाच्या शेवटीं शुद्ध धर्माची जी खूण सांगितली आहे, तींत पोरक्यांचा व विधवांचा उल्लेख एकत्र आहे. आम्हीं तें वचन पुष्कळ वेळां वाचलें, पण पोरकें मूल व त्याची विधवा आई ह्या जोडीकडे आमचें लक्ष आतां गेलें. आईस शिवणयंत्र, दोन शेळ्या किंवा मुलाची फी देऊन तीं दोघें एका छपराखालीं राहूं शकत असतील, तर मुलासाठीं वेगळें छप्पर बांधण्याची गरज काय? ६८ व्या स्तोत्रांतहि पोरक्यांचा कैवार व एकाकी जिवांस मिळणारें घर हे दोन विचार शेजारीं शेजारीं आले आहेत.

रुमानियांतहि सर्वच स्वयंसेवक पंधरा दिवसांचे पाहुणे नव्हते. कांहीं तेथेंच राहिले, ती भाषा शिकले, स्थानिक दायांना व परिचारिकांना शिक्षण देण्याच्या कामीं लागले. मुलांचे आईबाप शोधून काढण्यास व पालक-कुटुंबें तयार करण्यास त्यांनीं साह्य केलें. त्यांचें छायाचित्र मुलांच्या घोळक्यांत निघालें नसेल, पण त्यांच्या श्रमांनीं मुलें घरीं गेलीं.

आपल्या महाराष्ट्रास हा धडा अगदींच अपरिचित नाहीं. पंडिता रमाबाई यांनीं स्वतः दुष्काळांत आईबाप गमाविले होते. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्यप्रांतांतून शेंकडों निराधार मुली आणल्या आणि केडगांवास त्यांना आश्रय दिला. त्यांच्या मदतीस परदेशांतून ज्या भगिनी आल्या, त्यांपैकीं कित्येकींनीं वर्षेंच्या वर्षें तेथें काढलीं. मुलींना त्या पाहुण्या म्हणून नव्हे, तर रोज दिसणारीं माणसें म्हणून ठाऊक होत्या.

आतां त्या विद्यार्थिनीस आमचें उत्तर असें: मुली, तुझी इच्छा चांगली आहे, ती टाकूं नकोस, तिला कामास लाव. आधीं परिचारिकेची, शिक्षिकेची किंवा अशीच एखादी विद्या संपादन कर. ज्या देशीं जाणार तेथील भाषा शीक. तेथील लोकांनीं बोलाविलें तर जा, आणि मुलांना खेळविण्याऐवजीं त्यांना सांभाळणारांच्या हाताखालीं काम कर. थोडेच दिवस जावयाचें असेल तर भिंती रंगव, विहीर दुरुस्त करण्यास हात लाव, हिशेब लिही. पण जी माया तुला पुढें चालवितां येणार नाहीं, ती बालकास लावूं नकोस. आणि परत आल्यावर आपल्याच गल्लींत बाप गमावलेलें मूल आहे कीं काय, तें पाहा. त्याच्या घरीं तुला पंधरा दिवसच नव्हे, पंधरा वर्षें जातां येईल.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे कीं दान थांबवूं नये, पण दान देतांना प्रश्न विचारण्यास संकोचूं नये. आमच्या पेटीसंबंधानें तर तो अवश्य विचारावा. उत्तर देणें आमचें कर्तव्य आहे.

विचार करण्यासाठीं प्रश्न

१. रुमानियांतील बहुतेक मुलें खरोखर अनाथ नव्हतीं, असें कां म्हटलें आहे?
२. परक्यास पाहून आईमागें लपणारें मूल व परक्यास बिलगणारें मूल, ह्यांच्यांतील भेद आपल्या शब्दांत सांगा.
३. बुखारेस्टच्या अभ्यासांत चिठ्ठ्या टाकून गट कां पाडले असावेत?
४. आपल्या वर्गणींतून एका आईस मूल घरींच ठेवतां यावें, ह्यासाठीं आपल्या गांवांत काय करतां येईल? घरीं आईवडिलांशीं विचारविनिमय करून लिहा.