घरच्या गाण्यासाठी व्हॉल्व्हचा प्रीअँप्लिफायर घेताना

व्हॉल्व्हच्या रेडिओचा भरदार आवाज ज्यांच्या कानात आहे, त्यांना आज पुन्हा व्हॉल्व्हचा प्रीअँप्लिफायर घरी असावा असे वाटते. हौस वाईट नाही. पण नेसरीहून खरेदीला कोल्हापूर किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठावा लागतो आणि माल न जुळल्यास परतीचा हेलपाटाही आपल्यालाच पडतो. म्हणून व्हॉल्व्हचा लाल उजेड पाहून भुलण्याआधी आपल्या पॉवर अँप्लिफायरचा कागद पाहावा, असे आम्ही सांगतो.

पहिला प्रश्न हा की, आवाज वाढवण्याची गरज आहे का? सीडी प्लेअर सुमारे २ व्होल्ट देतो. बहुतेक पॉवर अँप्लिफायरना पूर्ण जोरासाठी एक-दीड व्होल्ट पुरतो. अशा ठिकाणी जास्त वाढ देणारा प्रीअँप्लिफायर जोडला तर बटण जरा फिरवताच घर दणाणते आणि खरखरही वाढते. ईसीसी८३ या व्हॉल्व्हचा वाढीचा गुणक १०० आहे, ईसीसी८२ चा २० च्या आत-बाहेर. सीडीसाठी दुसराच बरा.

खरी फसगत होते ती जोडणीत. जुन्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरचा इनपुट बहुधा १ लाख ओहमचा किंवा त्याहून जास्त असे. ट्रान्झिस्टरचा कित्येकदा १० हजारच असतो. प्रीअँप्लिफायरच्या आउटपुट इम्पिडन्सच्या निदान दहापट पुढचा इनपुट असावा. शेवटचा कंडेन्सरही विचारून घ्यावा. तो ०.४७ मायक्रोफॅरडचा असेल तर १ लाख ओहमवर काही बिघडत नाही. १० हजार ओहमवर मात्र ३४ हर्ट्झच्या आसपास आवाज पडू लागतो. मग ढोलाचा दम गेला म्हणून लोक बिचाऱ्या स्पीकरला दोष देतात!

तबकड्या ऐकणाऱ्यांनी ‘फोनो’ची सोय आहे की नाही ते पाहावे, कारण पिकअपमधून जेमतेम ५ मिलिव्होल्ट येतात. उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांच्या ७८ च्या तबकड्या ज्यांनी जपल्या आहेत, त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फोनोची आजची रीत १९५४ सालच्या ठरावाची आहे. त्याआधीच्या तबकड्यांना वेगळे इक्वलायझेशन आणि जाड सुई लागते.

परदेशी माल १२० व्होल्टचा नाही ना, हे तपासावे. आपल्याकडे २३० चे १९० झाले तर ६.३ व्होल्टच्या फिलामेंटला ५.२ च मिळतात, स्टॅबिलायझर घ्यावाच. आत २५०-३०० व्होल्ट खेळतात आणि बंद केल्यावरही कंडेन्सर भरलेला राहतो, तेव्हा झाकण हौसेने उघडू नये. जुना रेडिओ मिस्त्री सोबत न्यावा. त्याच्या हुन्नराचे पैसे देताना घासाघीस करू नये. नवे व्हॉल्व्ह रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने कुठे मिळाले तर तपासून घ्यावेत.

दुकानातच सेट चालू करून व्हॉल्व्हवर पेन्सिलीने हलकी टिचकी मारावी. स्पीकरमध्ये घंटेसारखा नाद घुमला तर तो व्हॉल्व्ह तिथेच बदलून मागावा.