फटीतला उजेड

बेलपाड्यात बिऱ्हाड केले तेव्हा निजण्याच्या खोलीची खिडकी पूर्वाभिमुख आहे, ही गोष्ट मला भाग्याची वाटली होती. पुढे रात्रपाळी पत्करावी लागली आणि सकाळी सातच्या सुमारास खारघर स्थानकावर उतरून, घरी येऊन डोळे मिटावे, तो तेच भाग्य उन्हाच्या रूपाने थेट पापण्यांवर येऊन बसू लागले. काळोखात शरीर निद्रेस अनुकूल असे मेलाटोनिन स्रवते आणि उजेडाने त्यास अटकाव होतो, हे शास्त्र मला तेव्हा अवगत नव्हते. झोप येत नाही एवढेच कळत होते.

सबब पडद्याची तजवीज केली. दुकानदाराने पाठीला जाड लेप दिलेले गडद निळे ‘ब्लॅकआउट’ कापड दाखविले. मी चौकटीचे माप आतून घेऊन, कापड वाया जाऊ नये म्हणून, बरोबर तेवढाच पडदा शिवून घेतला. पहिल्याच सकाळी या काटकसरीचा निकाल लागला. कापडातून उजेडाचा अंशही येत नव्हता. परंतु वर दांड्यामागून आणि दोन्ही कडांच्या फटींतून तो इतका मुबलक येई की काळोखाला सोनेरी चौकट बसविल्यासारखे दिसे, आणि शिवणीच्या टाक्याटाक्यांतून बारीक ठिपके चमकत, ते मोजीत मी जागा राहिलो.

यानंतर जे केले ते सांगण्यास संकोच वाटतो. 1971च्या युद्धात मुंबईकर तावदानांना काळे कागद चिकटवीत, हे वडिलांच्या तोंडून ऐकले होते. तीच युक्ती मी योजिली. त्या कागदांचे काम रात्री घरातला दिवा बाहेर दिसू न देण्याचे होते, माझे काम दिवसा सूर्याला अडविण्याचे, हा भेद ध्यानी आला नाही. काळा कागद ऊन शोषतो, काचेचा मधला भाग तापून प्रसरण पावतो, चौकटीच्या खाचेत दडलेली कड मात्र त्या मानाने थंडच राहते, आणि या ओढाताणीत काच हार खाते. चौथ्या दिवशी अकराच्या सुमारास ‘टक्’ असा आवाज झाला आणि कडेपासून निघालेली एक वाकडी रेघ तावदानभर गेली.

ज्यांना हा खटाटोप करावयाचा असेल त्यांनी दुकानात जाण्यापूर्वी खिडकीवर जाड चादर टांगून, भर उजेडात खोलीत दहा मिनिटे बसावे आणि प्रकाश कोणकोणत्या वाटेने शिरतो याचा पंचनामा करावा. पडदा चौकटीहून दोन्ही बाजूंस व वरही वीतभर अधिक असावा. दांडा भिंतीलगत, आणि टोकांशी भिंतीकडे वळलेला मिळाल्यास उत्तम, म्हणजे कापडाची कड भिंतीला टेकते. रंगाला भुलू नये. मोबाइलचा टॉर्च कापडामागे धरून पाहावा, लेप चांगला असेल तर फिके कापडही पुरते. गुंडाळीचा रोलर सुबक दिसतो खरा, पण चौकटीच्या आत बसविला की कडांना फट राहतेच. लेपाचे कापड यंत्रात पिळू नये, लेप सोलवटतो. आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात ओल्या भिंतीशी ते बुरशी धरते, म्हणून संध्याकाळी पडदा सारून खिडकी उघडावी.

मी नवा पडदा घेतला नाही. जुन्यालाच दोन्ही बाजूंनी पट्टे जोडून दांडा वर चढविला. तडकलेले तावदान अजून तसेच आहे, चिकटपट्टी लावलेले. पडद्यामागे ते दिसत नाही.